दाब, धर, सोड

तुझं खरं निघालं. चाकात मोटरच आहे. तार नाही.

परवाच्या रविवारी हे सांगायला मी काळ्या हातानंच उठलो आणि सैपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलेलं होतं. आत आपली लेक सुरेखा चहा ठेवत होती. म्हणाली, "काय आबा?" मी म्हणालो, "काय न्हाय." तुला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि माझ्या पायांना अजून ते कळलेलं नव्हतं.

म्हणून लिहून सांगतोय. सुरेखानं शाळेतली कोरी वही दिली. ती बारामतीत मास्तरीण झाली ती तुझ्यामुळं. मी चौथीनंतर पाना धरला तो धरलाच. माझं अक्षर बघून तू हसली असतीस. गॅरेजच्या पाटीवर पेंटरनं 'खात्रीशीर'मधली दुसरी वेलांटी चुकवली, तर तू त्याला शिडीवर परत चढवलंस. ह्या वहीत वेलांट्या कोण बघणार आता? असू दे.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तू दर रविवारी विचारत होतीस. तिचं उत्तर मला माहीत नव्हतं तरी मी ठोकून दिलं. दुसरी तू एकदाच विचारलीस, दवाखान्यात. तिचं उत्तर मला माहीत होतं आणि मी दिलं नाही. त्या दुसरीनं मला झोप लागत नाही. पण आधी पहिली सांगतो, कारण दुसरीकडं जायची वाट त्या चाकातनंच गेली.

सुरेखानं नवी गाडी पहिल्यांदा निमगावात दारात आणली तो दिवस आठव. मी आत बसून डाव्या हातानं हँडब्रेकचा दांडा चाचपत होतो. हाताला काहीच लागेना. दोन सीटच्या मधी एक बटण, बिस्किटाएवढं. सुरेखा म्हणाली, "हे बोटानं वर वडायचं आबा. लागला ब्रेक." मी मान हलवली. मिस्त्री माणूस, विचारणार कसं? तू विचारलंस. पदर खोचून, हातात गाडीवरनं ओवाळायचं ताट तसंच धरून.

"सुरे, त्ये बटन वडल्यावर आत काय वडतं गं?"

"मला काय माहीत आई. ब्रेक लागतो."

"लागतो न्हवं. कसा लागतो?"

मग ताट माझ्या हातात देऊन तू मागच्या चाकापाशी खाली बसलीस. कान लावलास. "वड परत. आता सोड. परत वड." गुडघ्यावर हात टेकत उठलीस आणि जाहीर केलंस, "चाकात काय तरी फिरतंय. लय बारीक. दळण सरल्यावर गिरणी रिकामी फिरती तसं."

दत्तूतात्या होतेच. त्यांचा पानमळा पाटाच्या कडेला आणि बूड कायम माझ्या गॅरेजच्या बाकड्यावर. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तारच असती. तार वडायचं यंत्र असंल सीटखाली कुठंतरी. चाकात कोण मोटर ठेवंल? चिखल हाय, पाणी हाय, ब्रेक तापतोय. दोन दिवसांत जळंल."

"पर आवाज चाकातनं येतोय."

"तुला काय कळतंय आवाजातलं?"

तात्या हसले. तू ताट उचलून आत गेलीस.

हे मी तुला म्हणालो! तुला! गावात दुसऱ्या कुणाला म्हणालो असतो तर चाललं असतं.

पण तू ते धरून ठेवलंस. पोरगी रविवारी आली की आधी चाकाला तुझा दगड लावायचीस, कारण बटणावर भरवसा नाही, आणि मग कान लावायचीस. कुर्रर्र. "ऐका की वं जरा." मी पेपर वाचायचो. खोलून बघायला मला अर्धा तास लागला असता. का नाही बघितलं? खरं सांगतो, भ्यालो. अशा गाड्या यायला लागल्या तेव्हाच मी गॅरेजचं शटर खाली ओढलं होतं. लोकांना सांगितलं कंबर दुखते. कंबर दुखत होती, पण तेवढी नाही. तुला हे ठाऊक असणार. तू कधी बोलली नाहीस.

आता आपले तीन शब्द. ही वही सुरेखाच्या शाळेतली बाकीची माणसंही वाचतील असं ती म्हणते, तर त्यांना कळावं म्हणून लिहितो, तुला माहीतच आहे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पायाला ब्रेक मऊ लागतो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक चाकाखाली. वरच्यानं ब्रेक दाबून धरायचा. खालच्यानं चाकाजवळचं निपल जरासं ढिलं करायचं. हवा आणि तेल फसकन बाहेर येतं. निपल परत आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत, आणि सगळं पहिल्यापासून.

आपलं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात कामावरचा माणूस पळून गेला आणि जीप तर उभी. मी तुला हाक मारली. नाव घ्यायचं नाही आणि हाक काय मारायची तेही ठरलेलं नव्हतं, तर मी नुसतं म्हणालो, "ए, हितं बस." निरवांगीच्या मळ्यातनं आलेली तू, जीपच्या सीटवर जन्मात बसली नव्हतीस. पाय पुरेना म्हणून पाठीमागं गोधडीची घडी ठेवली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

"सोडलं."

पुढची चाळीस वर्षं दिवसात ह्याहून जास्त आपण काय बोललो असू, मला आठवत नाही. गिऱ्हाइकं तुला ब्रेकवहिनी म्हणायची. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागायची आणि तुझी भाकरी तव्यावर करपायची. चारपाच वर्षांनी तू वरनं सांगायला लागलीस, "अजून मऊ लागतंय." मी म्हणायचो झालंय. तू म्हणायचीस, "मऊ हाय." मी चिडून परत निपल ढिलं करायचो आणि हवेचा एक बुडबुडा हटकून निघायचा. नंतर नंतर मी तुलाच विचारायचो, "झालं का?" आणि ह्याच बाईला मी म्हणालो, आवाजातलं काय कळतंय.

'सोडू का?' हे चौथं वाक्य तू घातलंस. ते कुठनं आलं तेही मला माहीत आहे. सुरेखा रांगत होती. तू वर दाबून धरलेलं, मी खाली, निपल उघडं. पोरीनं जळक्या ऑइलच्या डब्यात हात घातला आणि तोंडाकडं नेला. तू पाय उचलून पळालीस. नळीत हवा गेली, माझ्या डोळ्यांत तेल गेलं. मी तुला गिऱ्हाइकासमोर काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तू पोरीचा हात पुसलास, तिला कडेवर घेऊन सीटवर बसलीस आणि म्हणालीस, "दाबलं." बाकी काही नाही. त्या दिवसापासून माझं सांगणं झालं तरी एकदा विचारायचीस, "सोडू का?" आणि माझा 'सोड' ऐकल्याबिगर पाय हलवायची नाहीस.

एकदाही नाही. लोणी भापकरचा एक पाहुणा जीप घेऊन आलेला. मी खाली, निपल आवळलं, आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडनं कुणीतरी चहाला हाक मारली. गेलो. तिथं गप्पा रंगल्या. अर्ध्या तासानं पाहुणाच आला आणि म्हणाला, "मिस्त्री, वहिनी सीटवर बसून रडायला लागल्यात." तू रडत नव्हतीस. मांडी थरथरत होती म्हणून डोळ्यांतनं पाणी येत होतं. मी म्हणालो, "येडी का काय? सोडायचं न्हवं का?"

"तुमी सांगितलं न्हाय न्हवं."

हसलो आम्ही सगळे. ती गोष्ट मी बाजाराच्या दिवशी किती लोकांना सांगितली असेल.

आता दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी मला आणि सुरेखाला बाहेर बोलावून सांगितलं, आजचा दिवस. मी आत येऊन स्टुलावर बसलो. दुपार होती. खिडकीतनं ऊन तुझ्या पांघरुणावर आलेलं. तू तोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केलास, माझ्याकडं न बघता वर छताकडं बघत विचारलंस, "सोडू का?"

मी म्हणालो, "गप पड. बोलू नको."

मंगळवार गेला, बुधवार गेला. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन कागद बघायच्या, तुझ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, कमाल आहे. गुरुवारी सकाळी तू गेलीस. मी तेव्हा नव्हतो.

मला नुसतं हे कळायला पाहिजे, की तू काय सोडू का विचारत होतीस. मास्क? माझी बाही धरली होतीस, ती? का तापात जुनं काहीतरी बरळत होतीस? मी म्हणेन बरळत होतीस आणि मोकळा होईन, पण मी एक बघितलंय. पांघरुणाखाली तुझा डावा पाय गुडघ्यात दुमडलेला होता, सैल. उजवा ताठ होता. टाच पलंगाच्या लोखंडाला लावून दाबलेला.

दहाव्याला नदीवर कावळा पहिल्या झटक्यात शिवला. लोक म्हणाले, माउलीचं काही राहिलं नव्हतं. मला त्या कावळ्याचा राग आला. त्याला काय माहीत काय राहिलंय?

गाडीचं तू दवाखान्यात जायच्या आधीच सांगितलेलं. "सुरीची गाडी मागनं किंचाळती. ब्रेक झिजलेत." मी म्हणालो धूळ असेल. परवा ती आली तर फाटकापासनं आवाज. ती म्हणाली, मंगळवारी शोरूमला टाकते. मी म्हणालो, "कशाला? मी करतो." तात्या बाकड्यावरनं म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी तुमच्या पान्यातली न्हाय. काय तरी मोडून ठेवाल आन् पोरगी रोज बारामतीतनं शाळंला जाती त्याच्यावर." मी म्हणालो, "तात्या, तुमी पानं मोजा."

मोडलंच असतं. ते सांगतो.

त्याच सकाळी बारामतीला जाऊन रफिकभाईंच्या दुकानातनं मागच्या चाकांचे ब्रेकचे पॅड आणले. गाडी सपाट जागेवर लावली. पुढच्या चाकाला तुझा दगड. सुरेखाकडनं बटण दाबून ब्रेक सोडवून घेतला आणि ती आत गेली. नट ढिले केले, जॅक लावला, चाक काढलं. कॅलिपर म्हणजे दोन्हीकडनं चाकाची थाळी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा, तो सोडवून तारेनं वर टांगला. जुने पॅड बघितले तर नखाएवढं जाड उरलं नव्हतं. हाही तुझा शब्द खरा. आता नवे पॅड जाड, ते बसायला कॅलिपरमधला पिस्टन मागं ढकलायचा. हे मी डोळे झाकून हजारदा केलंय. शिकंजा, म्हणजे दांडा फिरवून आवळायचा चिमटा, लावला आणि आवळायला लागलो. पिस्टन चिमूटभर मागं गेला आणि अडला.

जोर केला. नाही. मी उठून लोखंडी नळी आणली, शिकंज्याच्या दांड्यावर चढवली, म्हणजे हाताला बळ येतं. पाय रोवले. आणि नळीवर अंग टाकणार तोच तुझं ते ऐकू आलं, चाकात काय तरी फिरतंय.

भूत वगैरे नाही. आठवण झाली एवढंच. पण हात थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, खरंच, काय फिरत असेल? चष्मा पुसला आणि पंजाच्या पाठीमागं वाकून बघितलं. मुठीएवढा काळा डबा. त्याला वायर. तार शोधली. ह्या चाकाला नाही, त्या चाकाला नाही. गाडीखाली सरपटत पार पुढं जाऊन आलो. तार कुठंच नाही.

तेव्हा मी सैपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो होतो.

मग रफिकभाईंना फोन लावला. "रफिकभाई, चाकात मोटर हाय!"

"हाय की. मागं घेतली न्हवं?"

"काय मागं घेतली?"

मग म्हणाले, "मिस्त्री, शिकंजा काढा. आधी काढा, मग बोलू."

"तुमी सांगायचं न्हाय का?"

"तुमी विचारलं न्हाय. पॅड द्या म्हणला, म्या दिलं. तुमाला शिकवायची माझी टाप हाय का?"

मग त्यांनी समजावलं, आणि मी तिथंच मातीत बसून ऐकलं. काय डोकं चालवलंय बघ. पिस्टनच्या पोटात मळसूत्र आहे. बटण ओढलं की मोटर ते मळसूत्र फिरवत पुढं सारते, ते पिस्टनला ढकलतं, पॅड थाळीला चिकटतात, गाडी उभी. तोच तुझा कुर्रर्र. बटणानं ब्रेक सोडला तरी मळसूत्र जरासंच मागं येतं, पुरतं येत नाही. तशात वरनं शिकंजा आवळला तर आतले आटे मोडतात आणि सगळा पंजा टाकून द्यावा लागतो. आपण ढकलून ते मागं जात नाही. त्याला सांगावं लागतं, मग ते आपणहून मागं येतं.

"सांगायचं कसं?"

"चावी चालू, इंजान बंद. सीटवर माणूस बसवा. रेस तळापातुर दाबून धरायची, बटन खाली दाबून धरायचं. मीटरमधी पिवळा दिवा लुकलुकला की सोडायचं. ह्या गाडीची ही रीत, दुसरीची दुसरी. पर आधी कॅलिपर जागेवर बसवा."

मी म्हणालो, "दाब, धर, सोड."

"व्हय, तसंच. दिवा बघून सोडा."

एवढी नवी गाडी. आणि आत आपलेच तीन शब्द.

सुरेखाला सीटवर बसवलं. मी जुन्या पॅडवर कॅलिपर परत लावला आणि चाकापाशी खाली बसलो. तू बसायचीस तिथंच. कान लावला. म्हणालो, "दाब."

"दाबलं."

मी वर बघितलं. तिला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. कडेवर बसून ऐकलं असेल. "धर."

"धरलंय."

आणि आवाज आला. कुर्रर्र. पण नेहमीपेक्षा लांब, मागं मागं जाणारा, आणि शेवटाला टक्. रिकामी गिरणी म्हणालीस ते बरोबर. मी पन्नास वर्षं ह्या धंद्यात, मला ही उपमा सुचली नसती.

वरनं पोरगी म्हणाली, "आबा, दिवा लुकलुकतोय. सोडू का?"

मी कान तसाच लावून ठेवला.

"आबा? सोडू का?"

मी चाकाच्या थाळीला धरून बसलो होतो. तिनंच दार उघडून वाकून बघितलं, पाय तसाच दाबलेला. माझं तोंड बघितलं आणि तिचंही तोंड बदललं. म्हणाली, "आई पण हेच म्हणत होती."

"कवा?"

"गुरुवारी. सारखं. सोडू का, सोडू का. मला वाटलं पलंगाचा दांडा धरलाय, तो. तुमी चहाला गेला होता."

मी चहाला गेलो होतो.

"मग?"

"मग काय आबा. तिला त्रास होत होता. मी म्हणाले, सोड आई." पाय अजून दाबलेलाच. "मी चुकले का?"

"न्हाय," मी म्हणालो. "न्हाय गं बाय. सोड. सोड आता."

तिनं पाय उचलला आणि तोंड धुवायला आत गेली.

मी काम केलं. कामच येतं मला. शिकंजा लावला तर पिस्टन लोण्यात बोट जावं तसा मागं गेला. नवे पॅड घातले, पंजा आवळला, दुसऱ्या बाजूचंही केलं, चाकं चढवली. मोटर परत कामाला लावायची ती बटण ओढून लावली. आता राहिलं एकच. पॅड नवे असले की गाडी हलवायच्या आधी ब्रेक दाबून दाबून ते जागेवर आणावे लागतात. सुरेखा अजून आली नव्हती, म्हणून मीच सीटवर बसलो.

तुला गंमत सांगतो. पन्नास वर्षांत मी त्या बाजूला बसलोच नव्हतो. गाडी चालवली, ती वेगळी गोष्ट. पण चाक नुकतं खोलून लावलंय आणि आपण नुसतं पायानं विचारतोय, असं कधी नाही. पहिल्यांदा दाबला तर ब्रेक थेट तळाला गेला, चिखलात पाय जावा तसा. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला. तिसऱ्यांदा वर आला. चौथ्यांदा दगडासारखा. पायाच्या तळव्याला चाकापातुर सगळं कळतं! मऊ म्हणजे काय, कुठं मऊ, किती उरलंय. हे तुला चाळीस वर्षं कळत होतं. तू मला नीट सांगायला पाहिजे होतं. का मग तू सांगतच होतीस, 'मऊ लागतंय' म्हणून, आणि मला ते नुसतं कटकटीसारखं वाटत होतं?

मग मी तो दाबून धरला. धरून बघावं लागतं, हळूहळू खाली जातोय का. आणि धरलेला असताना माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "सोडू का?"

कुणी नव्हतं. सीटवरनं चाकापाशी बसलेला माणूस दिसत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. समोर गॅरेजची भिंत दिसते आणि आरशात रस्ता. खालचा माणूस आहे का चहाला गेलाय, काही कळत नाही. नुसता आवाज यायची वाट बघायची. मी धरून बसलो. बघू तरी किती वेळ धरवतं. मांडी थरथरायला लागली. तात्या बाकड्यावरनं म्हणाले, "काय मिस्त्री, गाडी बंद आन् ब्रेक दाबून बसलाय. कुठं निघालाय?"

"गप बसा तात्या. मोजतोय."

पाच मिनिटं झाली नसतील, घाम फुटला. तू अर्धा तास धरलं होतंस. आणि दवाखान्यात मंगळवार दुपारपासनं गुरुवार सकाळपातुर.

सुरेखा आली, खिडकीत वाकली. तिला काय समजलं कुणास ठाऊक, हळूच म्हणाली, "सोडा आबा."

सोडला. पाय बधिर झाला होता, तिलाच धरून उतरलो.

गाडी निरवांगीच्या रस्त्याला नेऊन आणली. तुझ्या माहेरच्या उताराला मुद्दाम तीनदा थांबवली. किंचाळत नाही. जाग्यावर उभी राहते. घरी येऊन सुरेखानं बटण ओढलं तेव्हा मी मागच्या चाकाला कान लावून बसलो होतो. त्या बाजूच्या चाकाला तात्यांना बसवलं. ते म्हणाले, "मोटर हाय की वं." मी म्हणालो, "ती दोन वर्षं सांगत होती." तात्यांनी टोपी काढली.

तर पहिली गोष्ट तुझी खरी, माझी खोटी. हे मी तात्यांसमोर म्हणालो. तुझ्यासमोर म्हणायचं होतं, ते इथं लिहिलं.

दुसरी. पोरगी सोड म्हणाली आणि तू सोडलंस. ती चुकली नाही, तूही चुकली नाहीस. तिच्या आवाजात तुला माझा ऐकू आला, का तिचाच ऐकून सोडलंस, हे मला कळणार नाही, आणि ते मला लागून राहणार. पण रीत अशी, की चाकापाशी जो बसलाय त्यानं सांगायचं. तो मी होतो. मी सांगितलं नाही, कारण माझं निपल उघडं होतं. आवळलेलं नव्हतं. तू पाय उचलला असतास तर सगळी हवा माझ्यात शिरली असती, आणि मला ते पहिल्यापासनं करायला जमलं नसतं.

आता आवळलंय. थोडं थेंबतंय अजून, पण बसंल.

सोड.